११२ चं कार्ड आणि पुढचा आठवडा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचं वय ४७, कोर्स हँडिकॅप १८ (म्हणजे राउंडला मिळणारी १८ फटक्यांची सवलत), सहा वर्षांचा गोल्फ. जुलैमधल्या मासिक मेडलमध्ये, म्हणजे प्रत्येक फटका मोजायच्या स्पर्धेत, पार ७२ च्या कोर्सवर (पार म्हणजे ठरलेले अपेक्षित फटके) ११२ फटके झाले. सहाव्या होलला १०, अकराव्या पार-३ ला ८, सतराव्या पार-५ ला ११. "बरोबरचे तिघे माझ्याशी फारच नीट बोलत होते, तेच जास्त लागलं," असं ते लिहितात. तीन रात्री झोप नाही. रात्री युट्यूबवर स्विंगचे व्हिडिओ, संध्याकाळी सरावाच्या रेंजवर शंभर-शंभर चेंडू, आणि ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) आता आणखीच उजवीकडे जातोय. बायको म्हणते, पैसे देऊन चार तास दुःखी व्हायला कशाला जातोस? येत्या रविवारी मित्रांबरोबर फोरबॉल (चौघांचा खेळ) ठरलाय आणि जावंसं वाटत नाही. यातून बाहेर कसं यायचं? सोबत कार्डाचा फोटो.

तुमचं कार्ड मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा सगळे पाहतात तसं, म्हणजे डोळा थेट खालच्या बेरजेवर. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. त्या दुसऱ्या बघण्याबद्दल पुढे लिहितोच, पण आधी एक काम करा. ड्रायव्हर गाडीच्या डिकीतून काढून घरी माळ्यावर टाका आणि शुक्रवारपर्यंत रेंजचं तोंड बघू नका. युट्यूबही नको. तेवीस वर्षं शिकवतोय, त्याआधी सात वर्षं लोकांच्या बॅगा उचलल्यात. एका खराब राउंडने कोणाचा खेळ बिघडलेला मी पाहिला नाही. खराब राउंडनंतरच्या चार दिवसांत रागारागाने केलेल्या दुरुस्तीने बिघडलेले मात्र डझनावारी पाहिलेत. ग्रिप बदलायची, स्टान्स बदलायचा, नवा ड्रायव्हर घ्यायचा, तो पंधरा दिवसांत ओएलएक्सवर टाकायचा. तुम्ही दोन संध्याकाळी दोनशे चेंडू मारलेत ना, त्यात तुम्ही स्विंगचा सराव केला नाहीत. चिडून ड्रायव्हर मारण्याचा केलात. हाताला सवय लागायला दोनशे पुष्कळ झाले, म्हणून थांबा म्हणतोय.

तुमच्या पत्रातलं खरं वाक्य ११२ हे नाही. "फारच नीट बोलत होते" हे आहे. आकडा कोणाला फार दिवस छळत नाही. छळते ती लाज. अकराव्या होलवर तुमचा दुसरा चेंडू पाण्यात गेल्यावर तिघेही आपापले शूज बघत होते, हे तुम्हाला रात्री दोन वाजता दिसतं, बरोबर? आता मी तुम्हाला कॅडीच्या, म्हणजे बॅग उचलणाऱ्याच्या, बाजूने सांगतो, कारण त्या तिघांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते कॅडीला नेमकं ठाऊक असतं. पहिल्याला स्वतःच्या स्लाइसची, म्हणजे उजवीकडे वळणाऱ्या चेंडूची, काळजी होती. दुसरा मनात बेरीज करत होता, की आज नेट (हँडिकॅप वजा करून) ७० च्या आत येतोय का. तिसऱ्याला भूक लागली होती. कोणी कितीला घालवला हे सोमवारी कॅडीसुद्धा विसरलेला असतो. लक्षात राहतं ते क्लब कोणी फेकला, कार्डावर एक फटका कमी कोणी लिहिला आणि बंकर (वाळूचा खड्डा) रेकने सारखा न करता कोण निघून गेला. तुम्ही १० ला १० लिहिलेत आणि ११ ला ११. क्लबात नाव होतं ते यानेच, आणि नाव जातं तेही यानेच.

आता पेन्सिल घ्या.

तुमच्या मनातला हिशोब असा आहे: ७२ अधिक १८ म्हणजे ९०, हा माझा खेळ. झाले ११२. म्हणजे २२ फटके खड्ड्यात. या हिशोबात पहिलीच ओळ चुकली आहे. २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत चालू आहे, तिच्यात शेवटच्या २० राउंडांपैकी फक्त सर्वांत चांगले ८ धरतात. उरलेले १२ बाजूला. म्हणजे हँडिकॅप ही तुमची सरासरी नाही, तुमच्या चांगल्या दिवसांची सरासरी आहे. त्यामुळे बहुतेक खेळाडू आपल्या हँडिकॅपएवढं किंवा त्याहून चांगलं चार-पाच राउंडांतून एकदाच खेळतात. हे कळलं की निम्मं ओझं इथेच उतरतं. तुमचा नेहमीचा, कोणाला सांगायची गरज नसलेला रविवार ९३-९४ चा असतो. पाहिजे तर जुनी कार्डं काढून बघा.

पुढे. हँडिकॅपसाठी कार्ड भरताना एका होलवर जास्तीत जास्त नेट डबल बोगी धरतात, म्हणजे पार अधिक २ (ही डबल बोगी), वर त्या होलला मिळणारी सवलत. तुम्हाला प्रत्येक होलला एक फटका मिळतो, म्हणजे तुमची कमाल मर्यादा पार अधिक ३. सहाव्याचे १० हे ७ धरले जातील, अकराव्याचे ८ हे ६, सतराव्याचे ११ हे ८. आठ फटके गळाले, उरले १०४. मेडलच्या बोर्डावर ११२ च लागणार, त्याला इलाज नाही. पण हँडिकॅपच्या दृष्टीने तुम्ही १०४ मारलेत, आणि ते १०४ सुद्धा त्या बाराच्या ढिगात जाऊन पडणार. ही पद्धत ज्यांनी बांधली, त्यांनी तुमचा हा रविवार आधीच गृहीत धरला होता.

अजून संपलं नाही. तीन अपघाती होल मिळून पारपेक्षा १७ जास्त. आता त्यांच्या लगेच पुढचे होल बघा. सातवा डबल बोगी, आठवा डबल बोगी. बारावा डबल, तेरावा डबल. चार होलांत ८ जास्त. आणि राहिलेले अकरा होल? तिथे तुम्ही पारपेक्षा १५ जास्त खेळलात. तुमच्या नेहमीच्या चालीने त्या अकरांत १३ झालेच असते. म्हणजे पावसाळ्यात, ओल्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर), मेडलच्या दडपणाखाली, अकरा होल तुम्ही तुमचाच गोल्फ खेळलात. ज्या स्विंगला तीन रात्री शिव्या देताय, तो तिथे शाबूत होता.

हे मी समजूत काढायला सांगत नाही. समजूत काढायची असती तर "होतं असं, विसरून जा" म्हणालो असतो, जे क्लबात प्रत्येक जण म्हणतो आणि ज्याने कोणाचंच काही होत नाही. "विसर" म्हटल्यावर माणूस तीच गोष्ट घोळवत बसतो. एकदा नीट बघायचं, लिहायचं आणि वही मिटायची, हे जमतं. न बघता मिटली की ती रात्री आपोआप उघडते.

बघायचंच तर सहावा होल बघू. तुम्ही फटक्यांची यादी दिलीत ते बरं केलंत. ड्रायव्हर उजवीकडे भिंतीपलीकडे, ओबी (हद्दीबाहेर). एक दंड. तिसरा फटका पुन्हा टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून), या वेळी डावीकडे झाडांत. चौथा, हायब्रिडने (हाही लांब मारायचा क्लब) दोन झाडांच्या फटीतून ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताकडे. तो बुंध्याला लागून पायाशी. पाचवा बाहेर. सहावा बंकरमध्ये, सातवा बंकरमध्येच, आठवा ग्रीनवर, दोन पुट (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचे फटके). दहा.

यात खराब स्विंग किती? पहिला खराब, ते कबूल. बंकरमधला सातवा खराब. तिसरा डावीकडे गेला, कारण उजवीकडच्या भिंतीची धास्ती होती. ती शरीराने केलेली भरपाई, सगळ्यांचीच होते. पण या होलमधला खरा गुन्हेगार चौथा फटका आहे, आणि तो स्विंग नव्हताच, निर्णय होता. झाडांतून फेअरवेवर चेंडू आडवा काढायला नऊ नंबरचा क्लब पुरला असता. पाचवा ग्रीनच्या आसपास, सहावा चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका), दोन पुट, आठ. हँडिकॅपला ते सातच धरलं असतं. तुम्ही मात्र पहिल्या दोन फटक्यांचं कर्ज एका फटक्यात फेडायला गेलात. सावकाराचं व्याज फेडायला दुसऱ्या सावकाराकडे जावं तसं. गोल्फमध्ये मोठा आकडा सहसा एका वाईट फटक्याने होत नाही. वाईट फटक्यानंतरच्या घाईने होतो.

अकराव्याचंही तेच. पहिला पाण्यात गेला, ठीक. ड्रॉप झोनमधून (दंडानंतर चेंडू ठेवायच्या जागेतून) तोच क्लब, तीच घाई, पुन्हा पाणी. मध्ये किती श्वास घेतलेत आठवतंय का? मला वाटतं एकही नाही. सतराव्याबद्दल काही लिहीत नाही. तिथे तुम्ही खेळत नव्हता, संपवत होता.

या घाईवर एक औषध मी वयाच्या तेराव्या वर्षी पाहिलं, तेव्हा ते औषध आहे हे कळलं नव्हतं. मी शाळा सुटल्यावर आणि रविवारी कॅडी म्हणून जायचो. एक निवृत्त फौजी साहेब होते, सत्तरीचे, हँडिकॅप १४ का १५. त्यांचा वाईट होल झाला की पुटर माझ्या हातात देताना ते माझ्याकडे न बघता विचारायचे, "काय रे, इतिहासाचा पेपर कधी आहे?" किंवा "आई बरी आहे का आता?" पुढच्या टीपर्यंत मी बोलायचो, ते ऐकायचे. टीवर पोचले की माझ्याकडून चेंडू घेऊन स्वतः पुसायचे. एरवी पुसायचं काम माझंच. वाईट होलनंतर मात्र स्वतः, सावकाश, टॉवेलच्या ओल्या टोकाने आधी आणि कोरड्याने मग. पुसून झालं की गप्पा बंद, आणि मागचा होलही बंद.

मला वाटायचं साहेब किती मायाळू, माझ्या अभ्यासाची चौकशी करतात. मायाळू होतेच. पण बऱ्याच वर्षांनी, मी स्वतः स्पर्धा खेळायला लागल्यावर, माझ्या लक्षात आलं की इतिहासाचा पेपर फक्त वाईट होलनंतरच निघायचा. पार झाली की ते पुटच्या लाइनबद्दल बोलायचे.

टायगर वुड्सचा दहा यार्डांचा नियम पुष्कळांनी ऐकलेला असेल: फटक्यानंतर दहा पावलं काय चिडायचं ते चिडून घ्यायचं, पुढे नाही. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. राग दाबायचा नाही, त्याला हद्द घालून द्यायची, आणि ती हद्द मनात नाही, जमिनीवर. एखादं झाड, पाण्याचा माठ, पुढची टी. "आता मी शांत होतो" असं स्वतःला सांगून कोणी शांत झालेलं नाही. हातांना मात्र काम देता येतं. ग्लव्ह काढायचा आणि पुढच्या टीवर पुन्हा घालायचा. टॉवेलने ग्रिप पुसायची, पावसाळ्यात तशीही पुसावीच लागते. रागात मूठ आवळते, खांदे कानाकडे जातात, बॅकस्विंग अर्ध्यावरून परत फिरतो. त्यामुळे दोन-तीन वेळा श्वास लांब सोडा. घेण्यापेक्षा सोडणं लांब. हे योगवर्गात शिकलेलं असेलच, इथे वापरा.

वुड्सचंच एक कार्ड सांगतो, कारण ते तुमच्या कार्डाचं थोरलं भावंड आहे. २०२० चं मास्टर्स, गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झालं. शेवटचा दिवस, ऑगस्टाचा (मास्टर्स जिथे होतं तो कोर्स) बारावा होल, पार-३, जेमतेम १५५ यार्ड. तीन चेंडू रेज क्रीक नावाच्या ओढ्यात आणि कार्डावर १०. त्याच्या पीजीए टूरवरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या) कारकिर्दीतला कुठल्याही होलवरचा सर्वांत मोठा आकडा. आदल्या वर्षीचा विजेता, सगळं जग बघतंय, आणि स्पर्धा हातातून केव्हाच गेलेली, म्हणजे नीट खेळायला कारणही उरलेलं नाही. पुढच्या सहा होलांपैकी पाचांवर त्याने बर्डी (पारपेक्षा एक कमी) मारल्या. दिवसाचे ७६ झाले. बाराव्याच्या दहाचे आठ करता येणार नव्हते आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही. तेराव्यावर तो तेराव्याचा गोल्फ खेळला. तुम्ही सातव्यावर सहाव्याचा खेळलात. लहान पार-४ ला ड्रायव्हर कशाला काढला होतात, सांगा बरं? एरवी तिथे तुम्ही हायब्रिड मारता, असं तुम्हीच लिहिलंय.

पीजीए टूरवर "बाउन्स बॅक" नावाचा आकडाच ठेवतात: होलवर पारपेक्षा जास्त झाल्यावर लगेच पुढच्या होलवर पारच्या आत किती वेळा आला. पगारी खेळाडूंच्या बाबतीतही हे वेगळं मोजावंसं वाटतं, यावरूनच ते किती अवघड आहे ते समजा. तुम्हाला बर्डीची गरज नाही. मोठ्या आकड्यानंतरच्या होलवर बोगी (पारपेक्षा एक जास्त) झाली की तुमचा बाउन्स बॅक झाला.

आणि रात्र मध्ये गेली की काय होतं? टोकियो ऑलिंपिकमध्ये पुण्याच्या उदयन मानेचा पहिला दिवस ७६ चा, पारपेक्षा ५ जास्त. ऐनवेळी प्रवेश मिळालेला, ऑलिंपिकचं मैदान. दुसऱ्या दिवशी ६९. एका रात्रीत स्विंग बदलत नसतो. उत्तर आयर्लंडच्या रॉरी मॅकिलरॉयचं २०१९ चं ब्रिटिश ओपन तर त्याच्या घरच्या अंगणात, पोर्टरशला. पहिल्याच होलवर ८, दिवसाचे ७९. दुसऱ्या दिवशी ६५, आणि कट (पुढच्या दोन दिवसांचा प्रवेश) एका फटक्याने हुकला. माझे विद्यार्थी यावर म्हणतात, मग काय उपयोग झाला? मी म्हणतो, ६५ चा उपयोग विचारणाऱ्याने ६५ मारून बघावेत.

पण मॅकिलरॉयची माझी आवडती गोष्ट ती नाही. २०११ च्या मास्टर्सला शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन तो उतरला आणि ८० मारून आला. जूनमध्ये यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला, हे सगळे सांगतात. ऑगस्टा मात्र त्याला पुढची चौदा वर्षं मिळालं नाही. २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी पहिल्याच होलवर डबल बोगी. तेराव्यावर साधी पिच पाण्यात, पुन्हा डबल. अठराव्यावर पाचेक फुटांचा पुट घातला असता तर तिथेच जिंकला असता, तो हुकला. बरोबरी झाल्याने प्लेऑफसाठी त्याच अठराव्याच्या टीकडे परत निघाले, तेव्हा त्याचा कॅडी हॅरी डायमंड म्हणाला, सोमवारी सकाळी कोणी आपल्याला हे देऊ केलं असतं तर आपण घेतलं असतं की. बस, एवढंच. ना स्विंगबद्दल, ना चुकलेल्या पुटबद्दल. सोमवारची सकाळ आठवून दिली. मग त्याच होलवर जवळ मारला, बर्डी केली आणि जिंकला. मी वाचलं तेव्हा मला माझे फौजी साहेब आठवले. इतिहासाचा पेपर तिथेही निघाला, फक्त या वेळी कॅडीने काढला.

हवामानाचं एक बोलायचं राहिलं, आणि ते जुलैत बोललंच पाहिजे. आपल्याकडच्या कोर्सवर मे महिन्यात चेंडू फेअरवेवर तीस-चाळीस यार्ड पळतो. जुलैत पडेल तिथेच रुततो. तुमचा १५० यार्डांचा सात नंबर ओल्यात १५० जात नाही. रफ (कडेचं वाढलेलं गवत) गुडघ्याला लागतं, बंकरमधली वाळू चिखलासारखी घट्ट होते आणि सँड वेज त्यावरून उडी मारतो. तुमचा सातवा फटका बंकरमध्येच राहिला त्यात वाळूचाही वाटा आहे. ग्रीन हळू असतात म्हणून पुट आखूड राहतात. कार्डावर पुट ४१ दिसतात, त्यात सहा थ्री-पुट. ते सहाही पहिला पुट आखूड राहून झाले का, हे तुम्हालाच माहीत, पण मी पैज लावायला तयार आहे. जुलैचा आकडा फेब्रुवारीच्या आकड्याशेजारी ठेवून रडायचं नसतं.

आणि पोटाचं. साडेचार तास, सात-आठ किलोमीटर चाल, सकाळी सहाचा टी टाइम. नाश्ता काय केला होतात? बहुतेकांचा चहा-बिस्किट असतो. अकराव्या होलनंतर डोकं चालेनासं होतं, ते दर वेळी मानसिकच असतं असं नाही. दोन केळी, मूठभर दाणे-गूळ, पाण्याची बाटली. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून लोक पाणीच पीत नाहीत.

आता या आठवड्याचं.

आज रात्री ते कार्ड काढा आणि मी वर केला तसा हिशोब स्वतःच्या हाताने करा. माझा वाचून उपयोग नाही, स्वतः लिहा. प्रत्येक होलसमोर एकच अक्षर: स्विंग चुकला असेल तर स, निर्णय चुकला असेल तर न, नशीब असेल तर ब. प्रामाणिकपणे. माझ्या अंदाजाने न जास्त निघतील, आणि ती चांगली बातमी आहे, कारण स्विंग सुधारायला वर्ष लागतं आणि निर्णय रविवारपर्यंत सुधारतो. त्याच कागदावर तीन बरे फटके लिहा. चौदाव्याला दहा फुटांवरून पार वाचवलीत, मी कार्डावरून सांगतोय. आठ फुटांवरूनसुद्धा टूरवरचे खेळाडू साधारण निम्मेच पुट घालतात, हे माहीत होतं? ज्या राउंडला तुम्ही कचऱ्यात टाकताय, त्यात हे बसलंय. मग कागद बॅगेच्या चेनच्या खिशात. त्यावर आता चर्चा नाही, मित्रांशी नाही, ग्रुपवर नाही. बायकोशी तर नाहीच, त्यांचा मुद्दा बिनतोड आहे.

मधले दोन दिवस गोल्फ नाही. चालायला जा, भाजी आणा, झोपा.

शुक्रवारी कोर्सवर जा, पण पुटर, वेज आणि तीन चेंडू एवढंच घेऊन. तीन फुटांवरून होलभोवती गोल फिरत वीस पुट. चेंडू भांड्यात पडल्याचा आवाज कानाला हवाय, म्हणून तीन फूट, दहा नाही. मग ग्रीनच्या बाहेरून चिप आणि पुट, एका चेंडूने, नऊ वेळा, दर वेळी जागा बदलून. चेंडू एकच ठेवायचा. मागचा फटका सुधारायला दुसरा चेंडू नाही, ही सवय इथेच लागते. पाऊण तासात घरी. मन लागलं तरी जास्त थांबू नका. भूक ठेवून उठायचं.

रविवारी जायचं. हे मी आग्रहाने सांगतोय, कारण एक रविवार टाळला की दुसरा टाळणं सोपं होतं. मी स्वतः पंचविसाव्या वर्षी एका पात्रता स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी ८४ मारले होते, आणि खोटं कशाला बोलू, दोन महिने कोर्सवर पाऊल ठेवलं नाही. कोणी विचारलं तर पाठ दुखते म्हणायचो. दोन महिन्यांनी आलो तेव्हा ८४ जिथे सोडले होते तिथेच उभे होते, आणि वर टचही गेला होता. तुम्ही ती चूक करू नका.

पण जाताना बॅगेत सात क्लब घ्या. हायब्रिड, सहा, आठ, नऊ, पिचिंग वेज, सँड वेज, पुटर. ड्रायव्हर माळ्यावरच. मित्र हसतील, हसू द्या, "खांदा धरलाय" म्हणा. क्लब कमी असले की मोह कमी असतो आणि अर्धा स्विंग मारून अंतर जुळवायला डोकं गुंततं. शक्य असेल तर तिघांना सांगून स्टेबलफोर्ड खेळा. त्यात होल बिघडला की शून्य गुण, चेंडू उचलायचा आणि पुढे. दहा लिहिण्याची वेळच येत नाही. मेडलचं क्रौर्य आहे ते हेच, की तिथे उचलता येत नाही, म्हणून वाईट राउंडनंतरचा पहिला राउंड मेडल नसावा.

सहावा होल येईल. त्या टीवर पोट थोडं आवळेल, ते आवळणारच, त्याच्याशी भांडू नका. हायब्रिडने भिंतीपासून लांब, डाव्या बाजूला. तरीही चेंडू झाडांत गेला तर नऊ नंबर काढा आणि आडवा फेअरवेवर. कॅडीला आधीच सांगून ठेवा, की झाडांत मी हायब्रिड मागितला तर द्यायचा नाही. ती पोरं हे काम आनंदाने करतात. आणि होल संपला, कितीलाही संपला, की पुढच्या टीपर्यंत त्याला त्याच्या गावाचं विचारा. कुठलं गाव, पेरणी झाली का, पाऊस कसा आहे. ऐका मात्र खरोखर.

एक सावधगिरीचं. झोप तीन रात्री नाही हे मी गोल्फच्या खात्यात टाकतोय. पण रविवारनंतरही उडालेलीच राहिली, किंवा ऑफिसात, घरी, जेवणातही मन लागेनासं झालं, तर कारण कार्डात शोधत बसू नका. ते माझ्या कामाच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे स्विंग बिघडला म्हणून आलेल्या दोघा-तिघांचं दुखणं भलतीकडेच होतं, आणि त्यांनी वेळेवर दाखवलं म्हणून ते आज पुन्हा खेळतायत.

रविवारचा फोटो पाठवा. बेरीज करू नका, ती जागा कोरी ठेवा. प्रत्येक होलचे पुट तेवढे लिहा, आणि सातव्याला काय झालं ते.